ती काय अरुंधती आहे का?

दर शुक्रवारी दुपारी तीन वाजता कोपरखैरण्यात एका समाजमंदिराच्या मागच्या खोलीत आमची बैठक भरते. पंधरा-वीस जणी येतात. बऱ्याचशा माथाडी कामगारांच्या घरातल्या, सातारा-पाटणकडच्या. दोघी-तिघी गावठाणातल्या आगरी बायका, ज्यांच्या सासऱ्यांच्या शेतावर आणि मिठागरांवर हे नगर उभं राहिलं. काही वाशीच्या सोसायट्यांमध्ये धुणंभांडी करणाऱ्या, आणि दोघी उत्तर प्रदेशातून आलेल्या. बैठकीचा विषय मी ठरवून नेते. कधी रेशनकार्ड, कधी मुलींची शाळा, कधी कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा. पण सतरंजी अंथरून होईपर्यंत बायकांची बैठक आधीच सुरू झालेली असते आणि तिचा विषय त्यांनीच ठरवलेला असतो. गेली काही वर्षं तो विषय होता अरुंधती.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ‘आई कुठे काय करते’ ही मालिका स्टार प्रवाहवर डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये संपली. जवळजवळ पाच वर्षं. घरासाठी पंचवीस वर्षं राबलेली अरुंधती, ऑफिसातल्या संजनाबरोबर संबंध ठेवणारा तिचा नवरा अनिरुद्ध, अभी, यश आणि ईशा ही तीन मुलं, सासूबाई कांचन आणि सुनेच्या बाजूने उभे राहणारे सासरे अप्पा. पुढे घटस्फोट होतो, अरुंधती गाण्याकडे वळते, आणि मग आशुतोष केळकर या जुन्या मित्राशी लग्न करते. मूळ कथा बंगालीतल्या ‘श्रीमयी’ची. हिंदीत तीच ‘अनुपमा’ झाली. आमच्या उत्तर भारतीय मैत्रिणी अनुपमा पाहायच्या आणि बाकीच्या अरुंधती. दोन्ही एकाच बाईच्या गोष्टी आहेत हे कळलं त्या दिवशी बैठकीत जो गोंधळ झाला, तो मी विसरणार नाही. नाचणारी बरी की गाणारी, यावर अर्धा तास गेला. रेशनकार्ड तसंच राहिलं.

एक कबुली आधीच देऊन टाकते. मी नवीन होते तेव्हा हे सगळं मला सहन व्हायचं नाही. एम.एस.डब्ल्यू. करून आलेली, पिशवीत पत्रकं, डोक्यात व्यवस्थेचं विश्लेषण. मालिका म्हणजे बायकांना गुंगीत ठेवण्याचं साधन, हे मला पाठ होतं. एका शुक्रवारी मी तसं बोलूनही दाखवलं, चांगलं पाऊण तास. साड्या, दागिने, कटकारस्थानं, सोशिक सुना, सगळ्यांचा समाचार घेतला. बायकांनी निमूट ऐकलं. पुढच्या शुक्रवारी त्यांच्यातली एक जण आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. तिच्या शेजारणीला विचारलं, तर ती म्हणाली, “ताई, काय हाय, घरी तिला नवरा बोलतो, टीव्ही म्होरं बसली म्हणून. हितं आली तर तुमी बोलता.”

हे वाक्य मी बरीच वर्षं जवळ बाळगून आहे.

आपल्या चळवळीत मालिकांविषयी बोलायची एक ठरलेली पद्धत आहे. आपण त्या पाहत नाही, आणि पाहतो तेव्हा टीका करण्यासाठी पाहतो. टीका खोटी असते असं माझं म्हणणं नाही. पण टीका करताना आपण पडद्याकडे बघतो, पडद्यासमोर बसलेल्या बाईकडे बघत नाही. ती पाहते म्हणजे तिला सगळं पटतं, असं आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात ती पाहता पाहता न्यायनिवाडा करत असते, आणि तो दर शुक्रवारी माझ्यासमोर सतरंजीवर मांडला जात होता. तो नीट ऐकायला मला दोन-तीन वर्षं लागली.

काय काय बोलायच्या? “अरुंधतीनं पयल्यांदा कळलं तवाच निघायला पायजे हुतं.” त्यावर दुसरी, “निघून जायची कुठं? माहेरी भाऊ-भावजय हायेत.” तिसरीचं म्हणणं, की ती सासू-सासऱ्यांसाठी थांबली, आणि त्यात चूक काय? मग कांचनवर गाडी यायची. कांचन मुलाच्या चुका पोटात घालते आणि सुनेला मात्र धारेवर धरते, यावर सगळ्यांचं एकमत. पण एक साठीच्या काकू, ज्यांच्या स्वतःच्या घरात दोन सुना आहेत, त्या एकदा म्हणाल्या, “कांचनला तरी कोण हाय? पोरगा गेला तर म्हातारपणी भाकरी कोण घालणार? ती त्याचीच बाजू घेणार.” बोलून झाल्यावर त्या स्वतःच गप्प झाल्या. सासूच्या वागण्यामागे तिची निराधारी असते, हे मला पुस्तकातून शिकवलं होतं. काकूंनी ते कांचनवरून शोधून काढलं, आणि दोन सुनांच्या देखत बोलल्या.

ईशावर मुलींचा राग. आईचा अपमान करते म्हणून. आयांचा मात्र तिच्यावर फार राग नसे. “लेकरं अशीच बोलतात,” म्हणायच्या, आणि कोण कुणाच्या लेकराबद्दल बोलतंय ते सगळ्यांना कळायचं.

आणि विमल. विमल म्हणजे त्या घरात कामाला असलेली बाई. मी पाहायचे तेव्हा विमल माझ्या लक्षातही राहत नव्हती. पण वाशीला चार घरची कामं करणाऱ्या आमच्या मैत्रिणींना विमलखेरीज दुसरं काही दिसत नव्हतं. ती दिवसभर तिथेच कशी? तिला स्वतःचं घर नाही का? तिला महिन्याला किती देतात? घरातल्यांचं भांडण चाललेलं असताना ती कोपऱ्यात उभी राहून रडते, त्या वेळेचा पगार मिळतो का? हा शेवटचा प्रश्न एकीने अगदी गंभीरपणे विचारला आणि सगळ्या हसत सुटल्या. हसून झाल्यावर मात्र त्या दिवशी पहिल्यांदा सुट्टी, दिवाळीचा बोनस, आजारपणातली पगारकपात यावर मोकळं बोलणं झालं. महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला, हे मी आधीही तीनदा सांगितलं होतं. तेव्हा कुणी कान दिला नव्हता. विमलची नोंदणी झाली असेल का, असं विचारल्यावर मात्र नोंदणी म्हणजे काय, कागद कोणते लागतात, सगळं विचारून घेतलं.

इथे मला एक गोष्ट उमगली. बाई स्वतःविषयी बोलताना फार कंजूष असते. ‘चालायचंच’, ‘सगळ्यांच्याच घरी असतं’, ‘तसे ते वाईट नाहीत’. हे तीन शब्दप्रयोग मी रोज ऐकते. स्वतःच्या नवऱ्याला ती दहा वर्षं माफ करत असते. पण अनिरुद्धला ती एका आठवड्यात पकडते. खोटं बोलला, मुलांसमोर आवाज चढवला, बायकोचे पैसे विचारले, सगळं तिच्या लक्षात असतं. न्याय काय असतो हे तिला ठाऊक आहे. फक्त तो स्वतःला लावायची तिला सवय नाही. म्हणून आता नवी कुणी आली, की मी थेट ‘तुमच्या घरी काय त्रास आहे’ असं विचारत नाही. आधी विचारते, हल्ली काय बघता? आणि त्यातलं कोण आवडतं, कोण आवडत नाही? चहा येईपर्यंत मला अर्धी माहिती मिळालेली असते. उरलेली अर्धी ती स्वतःहून सांगते. बहुतेक वेळा उठता उठता, दारात चप्पल शोधताना.

हे काही आजचं नाही. १९३३ साली विभावरी शिरूरकरांचा ‘कळ्यांचे निःश्वास’ आला, तेव्हा महाराष्ट्रात काय वादळ उठलं ते आपण ऐकून आहोत. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनातल्या गोष्टी त्यात होत्या. पुढच्याच वर्षी ‘हिंदोळ्यावर’ आलं. लोकांना पहिला प्रश्न पडला तो हा, की ही विभावरी कोण? टोपणनावामागची बाई शोधून काढायची आणि तिला जाब विचारायचा, यासाठी केवढा आटापिटा झाला. त्या बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर, हे नंतर उघड झालं. पुस्तकातली माणसं खोटी असतात, हे त्या वाचकांना कळत नव्हतं का? कळत होतं. पण आपल्या शेजारची, आपल्या घरातली मुलगी असा विचार करू शकते, ही भीती खरी होती. गावाने शिव्या घातल्या त्या पुस्तकातल्या मुलींना, पण त्या ऐकवल्या जात होत्या घरातल्या मुलींना.

घरातल्या मुलींना ऐकवण्याचा हा भाग आपण विसरतो. पात्रांविषयीच्या गप्पांमध्ये मोकळीक असते तसा धाकही असतो. आता ज्या प्रसंगाबद्दल लिहायला बसले आहे, तो याच धाकाचा आहे.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे एक बाई आली. नाव लिहीत नाही आणि बदलूनही लिहीत नाही, कारण इथे सगळे एकमेकांना ओळखतात. वय तिशीच्या आत. एका दुकानात कामाला. केस कापलेले, ओठांना लिपस्टिक, बोलणं फटकळ. नवरा मारायचा. हातावर, पाठीवर वळ होते, ते तिने मला आत नेऊन दाखवले. पण ती गप्प मार खाणारी नव्हती. ती उलट बोलायची, एकदा तिनेही त्याच्या अंगावर तवा फेकला होता. आणि कामावरच्या एका माणसाशी तिची मैत्री होती. मैत्री किती, कशी, हे मी विचारलं नाही. तिनेच सांगितलं, की तो मला रोज विचारतो, जेवलीस का. एवढंच.

आमच्याकडे एक पद्धत आहे. पोलीस चौकीत जायचं असेल तर एकटी कुणी जात नाही. गटातल्या चार-पाच जणी सोबत जातात. चार बायका एकदम आत गेल्या, की टेबलामागचा आवाज आपोआप खाली येतो, हा आमचा अनुभव आहे. मी शुक्रवारी विषय काढला. सोमवारी सकाळी हिच्याबरोबर कोण येणार? कुणीच हात वर केला नाही. मी पुन्हा विचारलं. मग गटातली एक जुनी कार्यकर्ती, जी स्वतः मार खाऊन, त्यातून उभी राहून आज इतरांना उभं करते, ती खाली बघत म्हणाली, “ताई, अवो ती काय अरुंधती हाय का?”

कुणी हसलं नाही. बऱ्याच जणींनी मान हलवली.

मला राग आला, आणि राग आल्यावर मी पूर्वीसारखीच वागले. कायदा सांगितला. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा २००५ चा कायदा बाईचं चारित्र्य तपासत नाही, मारहाण झाली का एवढंच विचारतो, वगैरे. सगळं बरोबर होतं आणि कुणावर काही परिणाम होत नव्हता. त्यांचं म्हणणं साधं होतं. अरुंधतीने पंचवीस वर्षं सगळ्यांचं केलं, कधी उलटून बोलली नाही, कुणाकडे डोळा वर करून बघितलं नाही, तरी नवऱ्याने फसवलं. म्हणून तिचं दुःख खरं. ही तर नवऱ्याला तवा मारते. हिच्यासाठी चौकीत गेलो तर आपलंच नाव खराब होईल, उद्या आपल्या बाईसाठी गेलो तर कोण ऐकेल? यातला शेवटचा भाग मला खोडता आला नाही. चौकीतही हाच हिशेब चालतो, हे त्यांनी माझ्याइतकंच पाहिलं होतं. जी बाई पदर डोळ्याला लावून बसते तिची तक्रार लवकर लिहिली जाते. जी मोठ्याने बोलते तिला आधी विचारतात, तू काय केलंस?

पाच वर्षं अरुंधतीवर इतकं प्रेम केल्याची ही दुसरी बाजू होती. मालिकेने एक चांगली गोष्ट केली, हे मी मान्य करते. घटस्फोट घेतलेली, पन्नाशीकडे झुकलेली बाई दिवाणखान्याच्या मधोमध आणून बसवली, तिला दुसरं लग्न करू दिलं, तेही मुलं मोठी झालेली असताना. २०२३ मध्ये तिचं आशुतोषशी लग्न झालं तेव्हा आमच्याकडेही तट पडले होते. ‘या वयात शोभतं का’ म्हणणाऱ्या होत्या, आणि ‘त्याने केलं तेव्हा शोभलं का’ विचारणाऱ्याही होत्या. पण हे सगळं तिला मिळण्यासाठी तिने आधी किती किंमत भरलेली दाखवावी लागली! पंचवीस वर्षांचा मूकपणा ही तिची पात्रता. ती एकदा जरी संतापून ताट भिरकावती, एखाद्या पुरुषाचं ‘जेवलीस का’ तिला आवडलं असतं, तर अर्ध्या बायकांनी तिला सोडून दिलं असतं. हे लिहिणाऱ्यांना माहीत असतं. म्हणून ते तिला ताट भिरकावू देत नाहीत. आणि जे जे तिला करू दिलं जात नाही, ते सगळं संजनाच्या पदरात टाकलं जातं. नोकरीतली महत्त्वाकांक्षा, चांगले कपडे, तोंडावर उत्तर देणं, पुरुष हवासा वाटणं.

संजनाविषयी आमच्या गटात कधी एकही शब्द चांगला निघाला नव्हता. ती आधीच्या नवऱ्याला, शेखरला सोडून आली, मुलगा आहे तिला, निखिल, त्याचाही विचार केला नाही. अनिरुद्धने आपल्या तीन मुलांचा विचार केला नाही, हे तेवढ्या जोरात कुणी बोलत नसे. आधीच्या ‘माझ्या नवऱ्याची बायको’मध्येही हेच होतं. सगळा संताप शनायावर, गुरुनाथवर हसू. अशा भूमिका करणाऱ्या अभिनेत्रींना लोक रस्त्यात गाठून खरोखरच बोलतात, हे त्या मुलाखतींमधून सांगत असतात.

तर त्या शुक्रवारी मी कायदा सांगून थकले. सतरंजीच्या टोकाला गावठाणातल्या एक आजी बसल्या होत्या. सत्तरी ओलांडलेल्या. बैठकीत त्या क्वचित बोलतात, बहुतेक वेळा नातीला घेऊन नुसत्या बसतात. त्या म्हणाल्या, “मना एक सांगा. त्या अनिरुद्धानं संजनेला मारलं असतं, तर?”

कुणाला लगेच काही सुचेना. मग एक जण म्हणाली, “तो मारीत न्हवता पण.” आजी म्हणाल्या, मारत नव्हता ते राहू द्या, मारलं असतं तर तुम्ही काय म्हटलं असतं? बरं झालं म्हटलं असतं? कुणी ‘हो’ म्हणेना आणि कुणी ‘नाही’ म्हणेना. एक तरुण मुलगी हळूच म्हणाली, “मी म्हटलं असतं. बरं झालं, असंच म्हटलं असतं.” आणि तिचा चेहरा उतरला.

सोमवारी चौकीत आम्ही तिघी गेलो. मी, आजी आणि ती मुलगी. पाच जणी नव्हत्या. त्यामुळे आम्हाला सव्वादोन तास बसावं लागलं.

या प्रसंगानंतर मी शुक्रवारच्या गप्पांमध्ये फक्त ऐकत बसणं सोडलं. मीही बोलते, पण भाषण करत नाही. आजींसारखा प्रश्न विचारते. अरुंधती घरातून निघाली तेव्हा तिच्या नावावर काय होतं? तिचं स्त्रीधन कुठे होतं? ज्या घरात नांदली तिथे राहण्याचा तिला हक्क होता, घर सासऱ्यांच्या नावावर असलं तरी ती तो मागू शकली असती. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हे स्पष्ट केलं आहे. तिला वकील फुकट मिळाला असता का? मिळाला असता. विधी सेवा प्राधिकरणाच्या कायद्यात बाईला उत्पन्नाची अट नाही. मालिकांमध्ये घटस्फोट म्हणजे एक सही, एक अश्रू आणि मागे वाजणारं संगीत. तारखा नाहीत, झेरॉक्स नाहीत, प्रवासखर्च नाही, कामावरचा खाडा नाही. त्यामुळे कागदांसाठी चार वेळा खेटे घालावे लागले, की बाईला वाटतं आपलंच काहीतरी चुकतंय. अरुंधतीचं तर एका भागात झालं होतं.

गावठाणातल्या बायकांबरोबर हाच धागा वेगळीकडे जातो. कुठल्याही मालिकेतली मुलगी भावाकडे वाटा मागताना दिसली, की ती हमखास खलनायिका असते. ‘माहेरची साडी’ १९९१ साली आला तेव्हा माझी आई तीनदा जाऊन रडून आली होती. माहेरची साडी मागावी, जमीन मागू नये, हे आमच्या पिढीच्या कानावर तेव्हापासून आहे. इकडे साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांवर इमारती उभ्या राहिल्या, आणि बहिणींनी हक्कसोडपत्रावर अंगठे देऊन बदल्यात खरोखरच साड्या घेतल्या. महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क दिला १९९४ साली, देशाने दिला २००५ साली. आजींना विचारलं, तुम्ही सही केलीत? म्हणाल्या, केली. का केली? भाऊ तुटला असता. हे सांगताना त्या रडल्या नाहीत, नातीची वेणी घालत राहिल्या.

सुशिक्षित प्रेक्षक यापेक्षा वेगळा असतो असं कुणी समजू नये. ‘चारचौघी’ नाटक प्रशांत दळवींनी लिहिलं, ते १९९१ साली आलं. २०२२ मध्ये ते पुन्हा रंगमंचावर आलं, तेव्हा मी वाशीला भावे नाट्यगृहात पाहिलं. लग्नाशिवाय तीन मुली वाढवलेली आई आणि त्या तिघी. मध्यंतरात बायकांच्या स्वच्छतागृहापुढे नेहमीप्रमाणे लांब रांग होती, आणि रांगेत निवाडा चालू होता. नवऱ्याच्या प्रकरणानंतर ठामपणे उभी राहणारी थोरली विद्या सगळ्यांना पसंत. आईबद्दल जरा दबकून. धाकटी, जिला दोन पुरुष आवडतात आणि जी दोघांनाही सोडायला तयार नाही, ती मात्र कुणालाच पटत नव्हती. “हे जरा जास्तच होतं,” एक बाई म्हणाल्या. तिकीट किती रुपयांचं होतं, यावर काही ठरत नाही.

आता माझ्या स्वतःच्या नायिकेबद्दल. ‘उंबरठा’मधली सुलभा महाजन. जब्बार पटेलांचा १९८२ चा चित्रपट, शांता निसळ यांच्या ‘बेघर’वरून तेंडुलकरांनी लिहिलेला, आणि सुलभा म्हणजे स्मिता पाटील. सुखवस्तू घरातली सून, वकिलाची बायको, समाजकार्याचं शिक्षण घेते आणि घर, लहान मुलगी मागे ठेवून संगमवाडीच्या महिलाश्रमात अधीक्षक म्हणून जाते. भ्रष्टाचाराशी, व्यवस्थापन समितीशी झगडते, शेवटी राजीनामा देते. घरी परतते तर नवऱ्याचं दुसरीशी जुळलेलं. मग ती कायमची बाहेर पडते. एम.एस.डब्ल्यू.च्या पहिल्या वर्षात आम्हाला हा चित्रपट दाखवला होता आणि वर्गातल्या आम्ही सगळ्या मुली सुलभाच्या प्रेमात होतो. शेवटच्या आगगाडीच्या प्रवासातला तो चेहरा माझ्या वहीच्या कव्हरवर बरीच वर्षं होता.

गेल्या वर्षी मी तो गटाला दाखवला. समाजमंदिराच्या भिंतीवर, भाड्याच्या प्रोजेक्टरवर. मला वाटलं होतं, वाद होईल तो मुलगी सोडून जाण्यावर. तो झालाच. “लेकरू टाकून गेली?” वगैरे. त्याची उत्तरं माझ्याकडे तयार होती. पण वाशीला काम करणारी ती विमलवाली मैत्रीण बराच वेळ गप्प होती. सगळं गुंडाळून झाल्यावर तिने मला विचारलं, “ताई, बाई तर गेली गाडीत बसून. त्या आश्रमातल्या बायांचं पुढं काय झालं?”

मी हा चित्रपट किमान सहा वेळा पाहिला असेन. समाजकार्य हे माझं शिक्षण आहे, आणि आश्रमातल्या बायकांचं पुढे काय झालं हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. मी सुलभा होऊन पाहत होते. ती आश्रमातली होऊन पाहत होती. मला काही उत्तर देता आलं नाही. “दाखवलं नाहीये,” एवढंच म्हटलं. “आमचं कुठं दाखवत्यात,” म्हणून ती प्रोजेक्टरची वायर गुंडाळायला लागली.

सुलभा मला अजूनही आवडते. फक्त वहीवरून तिचा फोटो काढून टाकला.

अरुंधतीची मालिका संपता संपता तिची वेळ संध्याकाळी साडेसातवरून दुपारी अडीचवर गेली होती. कामावर जाणाऱ्यांची ती तुटलीच, आणि घरी असणाऱ्या तीनला बैठकीला येईपर्यंत ताजा भाग पाहून यायच्या आणि बाकीच्यांना सांगायच्या. आशुतोषला मारून टाकलं तेव्हा सगळ्याच चिडल्या. एवढ्या वर्षांनी बाईला एक बरा माणूस मिळाला होता, तो कशाला नेला? आता दुसऱ्या मालिका आहेत, दुसऱ्या नायिका आहेत. निवाडे चालूच आहेत.

ती तवा फेकणारी मधे दोन महिने नवऱ्याकडे परत गेली, आणि पुन्हा आली. अर्ज आता बेलापूरच्या कोर्टात आहे. तारखा पडतात, निम्म्या वेळा साहेब रजेवर असतात. ती शुक्रवारी अधूनमधून बैठकीला येते, दाराजवळ बसते. तिला मालिका आवडत नाहीत म्हणे. पात्रांवर बोलणं चालू झालं की मोबाइल बघत बसते, आणि ते का, हे मला कळतं.

पुढच्या तारखेला सोबत कोण जाणार, याची यादी गेल्या शुक्रवारी केली. आजी नेहमीप्रमाणे होत्या, ती तरुण मुलगी होती. आणखी दोन नावं आली. सगळ्यात शेवटी, बैठक मोडताना, ‘ती काय अरुंधती हाय का’ म्हणणारी आमची जुनी कार्यकर्ती माझ्यापाशी आली.

“माझं बी लिवा,” म्हणाली. मग दाराकडे बघत, आवाज खाली आणून, “पण ताई, ती तिथं साहेबाला उलटं बोलणार न्हाई ना?”

बोलेल बहुतेक, असं मी सांगितलं. तिने थोडा वेळ विचार केला, आणि गाडी किती वाजता पकडायची ते विचारलं.